कुठला काठ?

११ जानेवारी

दादा,

नकाशांच्या गुंडाळीतून हे पत्र खाली पडलं असेल तर उचल. दुसऱ्या कुणी उचललं असेल तर त्यांनी कृपया वाचू नये, घडी घालून त्या उंच, कायम घाईत असलेल्या आणि कायम कुणावर तरी वैतागलेल्या माणसाच्या टेबलावर ठेवावं. मी त्याची धाकटी बहीण. माझा फोन तो घेत नाही. ऑफिसच्या मेलवर लिहावं तर तुमचे साहेब, आमचे साहेब, साहेबांचे साहेब, सगळेच वाचतात. म्हणून ही गुंडाळी.

आडव्या रस्त्याचं डिझाइन तू करतोयस हे मला नकाशावरच्या सहीवरून कळावं? ती शेपटीवाली सही पाहिली आणि खुर्चीतून उठलेच. अरे, ती शेपटी मी झोपेतही ओळखेन. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तूच मारायचास!

तर, मोठा रस्ता माझ्याकडे आलाय. तुझा वरून उतरत येतो आणि माझ्या रस्त्याला मिळतो. कुठे मिळतो ते तुला सांगायला नको. आईच्या दुकानाच्या कोपऱ्यावर. मोठा पाऊस आला की दोन्ही रस्त्यांचं पाणी तिथे जमतं, उंबरा ओलांडून आत शिरतं, आणि लोकांनी विश्वासाने बाइंडिंगला दिलेली पुस्तकं खालच्या फळीवर फुगून बसतात. तिथेच उभा राहून तू तीन वर्षांपूर्वी म्हणालास, "विका हे डबकं आणि माझ्याकडे चला." आई नाही म्हणाली. मी आईच्या बाजूने बोलले. आणि तू "बसा मग पाण्यात!" म्हणून जो गेलास तो गेलासच.

जाऊ दे. कामाचं बोलते. तुला विसर पडला असेल म्हणून सांगते, तुझ्या रस्त्याच्या कडेची पन्हळ आणि माझ्या रस्त्याच्या कडेची पन्हळ कोपऱ्याच्या गोलाईवर एकमेकींना भेटायला हवी. ज्या जागी भेटतात तिथे दोघींची लेव्हल एकच पाहिजे, म्हणजे पाणी न अडखळता पुढे माझ्या गटाराच्या जाळीत जाईल. मी तुझा रस्ता सॉफ्टवेअरमध्ये माझ्या मॉडेलला जोडला, आणि त्या जागी ही एवढी पायरी! सात सेंटिमीटर! तुझी बाजू खाली, माझी वर. म्हणजे खळगा. आणि हा खळगा कुणाच्या दारात, ते तूच बघ.

फेब्रुवारीअखेर नकाशे बांधकामाला जाणार. एकदा रस्ता झाला की आपण म्हातारे होईपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. तेव्हा लेव्हल तपास. ही विनंती समजू नकोस, दम देतेय.

आईला यातलं काही माहीत नाही. ती मजेत आहे. मीही मजेत आहे. तुझी आठवण वगैरे कुणी काढत नाही.

ठकी


१९ जानेवारी

दादा,

"पातळ्या तपासल्या. बरोबर आहेत."

चार शब्द! तीन वर्षांनी बहिणीने पत्र लिहिलं, आणि साहेबांनी ऑफिसच्या मेलवर चार शब्दांत उत्तर पाठवलं. वर "आपला विश्वासू". डोंबलाचा विश्वासू!

आता माझं ऐक. मी सर्व्हे केला तेव्हा थोडी तुझ्या रस्त्यावरही चढले होते, सवयीने. सध्याच्या जुन्या रस्त्याच्या काठाच्या लेव्हल घेतल्या होत्या. आज तुझ्या तक्त्यातला "काठ" आणि माझ्या तक्त्यातला "काठ" शेजारी शेजारी ठेवून पाहिला. वर पाहिलं, चार सेंटिमीटरचा फरक. मधे पाहिलं, चार. खाली पाहिलं, चार. अरे, जो रस्ता आज तिथे उभा आहे, ज्यावरून माणसं चालतात, तोच तुझ्या कागदावर चार सेंटिमीटर खाली गेलाय! तुझी माणसं लेव्हल घेत होती की पत्ते कुटत होती?

मी इतकी भडकले होते की तुमच्या ऑफिसला फोन केला. तू "मीटिंगमध्ये" होतास. ती फायली पाठवणारी गोड आवाजाची मुलगी फोनवर होती. तिला मी बरंच ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी सारखेच ओरडता हो." मी फोन ठेवला.

परत तपास. नाहीतर मी स्वतः येईन आणि तुझ्या टेबलावर बसेन.

ठकी


२३ जानेवारी

दादा! दादा! दादा!

सापडलं! अरे सापडलं! ऑफिसात मी अक्षरशः उडी मारली, खुर्ची मागे पडली, साहेबांचा चहा साहेबांच्याच सहीवर सांडला, आणि तरी साहेब ओरडले नाहीत, कारण शोध त्यांच्यामुळेच लागला आणि त्यांना वाटतंय तो त्यांनीच लावला. असू दे.

झालं असं. साहेब माझा तक्ता बघत होते. एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हे 'काठ' म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, "काठ म्हणजे काठ, सर. रस्त्याचा." ते म्हणाले, "हो, पण कुठला? डांबर संपतं तो, की फुटपाथच्या कडेच्या दगडाच्या, कर्बच्या, पायाशी पाणी वाहतं तो?" मी "अर्थातच डांबराचा" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

दादा, आठव. सुट्टीत बाबा आपल्याला कामावर न्यायचे. ते दुर्बिणीला डोळा लावून उभे आणि आपल्यातलं एक जण लेव्हलची पट्टी धरून लांब. आणि बाबांची ती हाक, "काठावर धर!" तू मोठा, आधी तू धरायचास. तेव्हा सिमेंटच्या पन्हळी होत्याच कुठे? डांबर थेट कर्बला जाऊन भिडायचं. तू पट्टी कर्बच्या पायाशी टेकवायचास, तोच काठ. माझी पाळी आली तोवर डांबर आणि कर्ब यांच्यामधे पन्हळ आली होती. मी सवयीने तुझ्यासारखी कर्बशी गेले की बाबा ओरडायचे, "अगं ठके, काठावर! डांबर संपतंय तिथे!"

बाबा तेच, हाक तीच, फक्त रस्ता बदलला! तुझा काठ पाण्याचा, माझा काठ डांबराचा. आणि दोन्हींच्या मधे पन्हळीचा उतार किती? चार सेंटिमीटर! म्हणूनच सगळीकडे चार. मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाफील माणसाची चूक कधी कमी होते, कधी जास्त. सगळीकडे सारखी, इस्त्री केल्यासारखी चूक कुणी करतं का?

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसने नकाशात "काठ" लिहिलं असतं तर आपण दोघांनीही विचारलं असतं, कुठला काठ? पण नकाशा तुझा होता आणि नजर माझी. मला विचारायची गरजच वाटली नाही. तुलाही वाटली नाही. आपल्या घरात काठ एकच होता ना.

तुझी माणसं पत्ते कुटत नव्हती. त्या गोड आवाजाच्या मुलीला माझ्याकडून सॉरी सांग.

आज मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी मिठी मारावीशी वाटतेय. ऑफिसात तसं कुणी नाही. तू असतास तर तुला मारली असती, मग एक धपाटाही घातला असता.

ठकी


४ फेब्रुवारी

दादा,

नवीन नकाशा मिळाला. रकाने दोन झालेत, "काठ, डांबराचा" आणि "काठ, पाण्याचा". शाब्बास. आणि कोपऱ्यावर, अगदी बारीक अक्षरात, पेन्सिलीने, "ठके". बस, एवढंच. पुढे काही लिहायचं होतं आणि राहिलं, की एवढंच लिहायचं होतं? जे काय असेल ते. मी तो नकाशा साहेबांना दाखवला नाही. त्यांना दुसरी प्रत काढून दिली.

अजून एक गोष्ट पाहिली. अख्ख्या नकाशात दोन्ही बाजूंना इतकी घरं, दुकानं, पण दार तू एकाच ठिकाणी काढलंयस. किती रुंद आहे तेही बरोबर काढलंयस.

मग मला राहवेना. त्या मुलीला फोन केला, आधी माफी मागितली, मग म्हटलं, एवढ्याशा रस्त्याचं काम तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीने घेतलं कसं? ती म्हणाली, "कुणी घेत नव्हतं. सरांनीच मागून घेतलं. मोठा पूल सोडून." पूल सोडून, दादा? तुला लहानपणापासून पूल करायचा होता ना? मी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन थोडा वेळ बसले. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

आता हिशेब. सातातले चार गेले, शब्दाचे होते. तीन उरले, ते मात्र खरे आहेत. गोलाईवर जिथे आपण भेटतो तिथे तुझी पन्हळ माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटर खाली येते. तीन म्हणजे काय थोडे? आईच्या दारात टबभर पाणी साचेल. रीत अशी की लहान रस्त्याने मोठ्याशी जुळवून घ्यायचं. म्हणजे तू वर यायचं. पण त्यासाठी तुला वरच्या चढापर्यंत सगळा उतार पुन्हा काढावा लागेल, आणि तुमचे साहेब काय आहेत ते मी ऐकून आहे. पूल तर तू सोडलासच. म्हणून मी ठरवलंय. मी खाली येते. माझी पन्हळ लांबपर्यंत परत मोजेन, जाळी खाली घेईन. तू काही करू नकोस. गप्प बस आणि नुसता बघ.

ठकी


१२ फेब्रुवारी

अरे गाढवा!

तुला गप्प बस म्हटलं होतं ना? माझं पत्र पोचायच्या आत तू तीन सेंटिमीटर वर चढलास! आणि मी इकडे तीन सेंटिमीटर खाली उतरून बसले! आज दोन्ही मॉडेलं जोडली, बटण दाबलं, आणि पायरी परत हजर. आधी तू खाली, मी वर. आता तू वर, मी खाली. अंतर तेवढंच!

मी आधी कपाळावर हात मारला, मग हसत सुटले. साहेबांना वाटलं हिला कामाचा ताण झेपेना, त्यांनी मला घरी जायला सांगितलं. अरुंद दारात दोघं समोरासमोर आले की "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत दोघंही एकाच बाजूला सरकतात ना, तसं झालंय आपलं. तीन वर्षं दोघांपैकी कुणी केसभर हललं नाही, आणि हललो ते एकाच आठवड्यात!

आता नीट ऐक. तू वर आलायस तिथेच राहा. तेच चांगलं, जाळीकडे उतार जास्त मिळतो. मी माझ्या जुन्या जागी परत जाते. तू परत खाली उतरू नकोस! उतरलास तर आपण आयुष्यभर हेच करत बसू. हलू नकोस. ऐकलंस? तुझ्या स्वभावातला सगळा हट्ट आत्ता वापर.

आणि तुझ्या नव्या नकाशावर, त्या एकुलत्या एका दारापाशी, पेन्सिलीने लिहिलंय, "आई?" तर उत्तर देते. ती मजेत आहे असं मी लिहिलं होतं, ते खोटं. गेल्या पावसात ती दुकानात पाणी उपसताना घसरून पडली. मनगट मोडलं. तुला कळवू नकोस म्हणून तिने मला शपथ घातली होती, ती मी आता मोडतेय. हाड जुळलंय, पण पुस्तकं दाबायच्या यंत्राचं चाक तिला आता एका हाताने फिरवता येत नाही, दोन्ही हात लावून, अंग टाकून फिरवते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर दुकान बंदच करावं लागेल. ती म्हणते, दुकान बंद झालं तर मी काय भिंतीकडे बघत बसू?

ज्या कोपऱ्यावरून आपण तीन सेंटिमीटरसाठी भांडतोय तो हा. आता कळलं ना मी इतकी का ओरडत होते?

ठकी


२६ फेब्रुवारी

दादा,

शून्य!

तू हलला नाहीस! तुझी फायल उघडली. जोडली, बटण दाबलं, पायरी दाखवणारी लाल रेघ आली नाही. मी माउस गोलाईवर फिरवत राहिले, आईच्या दाराआधी, दारासमोर, दारापुढे. पाणी दाखवणारे ते छोटे बाण तुझ्या चढावरून येतात, दारापाशी रेंगाळत नाहीत, वळतात आणि माझ्या जाळीत जातात. मी साहेबांना हाक मारली, शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारली, चहा घेऊन आलेल्या बाईंनाही बोलावलं. त्या म्हणाल्या, "छान आहे, पण काय आहे?"

आज नकाशे बांधकामाला गेले. तुझी सही आणि माझी सही एकाच कागदावर. तुझ्या शेपटीने माझ्या अक्षराला ढोसलंय, लहानपणी अंथरुणात ढोसायचास तसं.

आता गुंडाळ्या बंद होतील. पत्र पाठवायला निमित्त उरणार नाही. तरी मी पाठवेन, साध्या टपालाने. तू उत्तर दे किंवा नको देऊस.

ठकी


९ जून

दादा,

रस्ता झाला, आणि आज आम्ही पाण्याची परीक्षा घेतली! एक टँकर तुझ्या चढावर उभा केला, एक माझ्या रस्त्यावर, आणि कंत्राटदाराने शिट्टी मारल्यावर दोन्ही एकदम सोडले. अर्धी गल्ली बघायला जमली. पाणी आलं, वळलं, गेलं! मी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

आईने वाजवल्या नाहीत. दारात उभी राहून म्हणाली, "टँकरला काय, सांगाल तिकडे जातो. पावसाला कोण सांगणार?" असा राग आला! एवढी मेहनत आणि ही बाई साधं "छान" म्हणत नाही.

तेवढ्यात कंत्राटदार तिला म्हणाला, "मावशी, तुमच्या दुकानाची काळजी आमच्यापेक्षा वरच्या रस्त्याच्या साहेबांना. दर दोन दिवसांनी फोन. कोपऱ्यावरच्या दारात सिमेंट नीट ओतलंत ना, लेव्हल परत बघितलीत ना. वैताग आणला त्यांनी!" आईने विचारलं, "कोण साहेब?" कंत्राटदाराने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग सांगून टाकलं.

आई वळली. आत गेली आणि बराच वेळ एकाच पुस्तकाच्या कडा कापत बसली. त्या आधीच सरळ होत्या.

ठकी


३ जुलै

दादा,

आज दुपारी तुला आईच्या फोनवरून फोन आला. तू "आई? आई, काय झालं?" म्हणालास. मग दोनदा हॅलो, हॅलो केलंस. मग म्हणालास, "नुसती खरखर येतेय, काही ऐकू येत नाही," आणि ठेवलास. तुझा आवाज मला चार पावलांवर ऐकू येत होता, इतका ओरडत होतास. तुला इकडचं काही दिसत नव्हतं, म्हणून लिहिते.

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. दुपारी असा कोसळला की समोरचं दुकान दिसेना. आई खराटा आणि बादली घेऊन दारात उभी, मी तिच्या मागे, खालच्या फळीवरची पुस्तकं आधीच वर चढवलेली. तुझ्या चढावरून पाणी निघालं ते गढूळ, जोरात, काड्या-कचरा घेऊन. आईने खराटा घट्ट धरला. पाणी गोलाईवर आलं. दाराशी आलं. दादा, मी मागून आईचा पदर धरला. आणि ते गेलं! उंबऱ्याकडे ढुंकूनही न बघता वळलं आणि धो धो जाळीत पडायला लागलं. मागून आणखी आलं, तेही गेलं. माझ्या बाजूचं आलं, तेही गेलं. मी नाचत होते, ओरडत होते, काय काय बोलले ते मलाच आठवत नाही.

आईने खराटा भिंतीला टेकवला. म्हणाली, "त्याला फोन लाव."

तीन वर्षांत पहिल्यांदा, दादा. मी लावला आणि तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावलाच नाही. छत्री न घेता तशीच पावसात गेली, जाळीपाशी उकिडवी बसली, आणि फोन जाळीवर धरला. मी मागून ओरडले, "अगं आई, बोल तरी त्याच्याशी!" ती म्हणाली, "मी काय बोलू? ऐकू दे त्याला." रडत होती, पण पावसात कोण ओळखणार म्हणून बिनधास्त रडत होती.

मग तू ठेवलास. तिने फोनकडे बघितलं, पदराने पुसला आणि म्हणाली, "त्याला कळलं नाही वाटतं. तू लिही. लपूनछपून लिहितेसच की."

म्हणून लिहिते. ती खरखर नव्हती रे. हे पत्र तुला मिळेपर्यंत पाऊस थांबलेला असेल. आई दारात खुर्ची टाकून बसली आहे आणि फोन मांडीवर आहे. मी मागितला तर देत नाही, म्हणते, त्याचा येईल.

ठकी